पत्रिकेची शेवटची ओळ

आजवर मी जे काही लिहिलं ते भिंतीला चिकटवण्यासाठी, नाहीतर नाक्यावर लोकांच्या हातात कोंबण्यासाठी. गावठाणातली घरं नियमित करा. खाडीत कंपन्यांचं पाणी सोडणं थांबवा. शाळेचं छप्पर कुठे गेलं ते सांगा. एका पानात सगळं बसवायचं. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत सभेची वेळ. म्हणून माझ्याच लग्नाची पत्रिका लिहायची वेळ आली तेव्हा घरच्यांनी ती माझ्यावरच सोपवली. लिहायचं काम आहे ना, मग हिला द्या. मीही घेतलं. नावं, तारीख, जागा. कुणाचा निषेधसुद्धा करायचा नाही. याहून सोपं पत्रक जगात नसेल असं मला वाटलं.

आधी कोण कुणाचं ते सांगते. आम्ही आगरी, कोपरखैरण्याच्या कडेच्या एका गावातले. गाव म्हणायचं, पण आता चारी बाजूंनी सेक्टर, आणि मध्ये आमच्या घरांची गिचमीड, जिला सरकारी कागदावर अतिक्रमण म्हणतात. (आमचं गाव आधीचं, सेक्टर नंतरचे. अतिक्रमण कुणी केलं हे मी वेगळ्या पत्रकात लिहिलेलं आहे.) आई मासळी विकायची. सोसायट्यांच्या जिन्यांवर टोपली घेऊन फिरलेली बाई. बाबा तळोज्याच्या एका कंपनीतून रिटायर झाले. मी एकुलती एक.

माझा नवरा रस्त्यापलीकडच्या सेक्टरात वाढला. बौद्ध घर, मूळ कोकणातलं. बेलापूरला एका वकिलाच्या हाताखाली काम करतो. गावठाणाच्या कागदपत्रांसाठी मी त्या ऑफिसात जायचे, तेव्हा एकदा त्यानं माझं पत्रक वाचून म्हटलं, "चांगलं आहे. पण तिसऱ्या मुद्द्याला आधार काय?" मी तिथेच त्याच्याशी भांडले. ते भांडण अजून संपलेलं नाही, म्हणून लग्न केलं.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मासे खातो ना?" बाबांनी जेवण संपवलं, हात धुतले, ओट्यावर जाऊन बसले. मग मला हाक मारली.

"बाय, पोरगा बरा हाय. लगीन तुमी तुमच्या पद्धतीनं करा, हॉलवर करा, कुठं पन करा. माजा एकच म्हनना हाय. हलद आपल्या दारात व्हयाला पायजे. आनि गाव माज्या दारात जेवला पायजे."

आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. दारात उंबराच्या फांद्यांचा मांडव, बायकांची गाणी, आणि संध्याकाळी अख्ख्या गावाची पंगत. बाबा जन्मभर दुसऱ्यांच्या हळदीत राबले. गावाच्या मंडळाची मोठाली पातेली खांद्यावर आणायची, भात वाढायचा, शेवटच्या पंगतीला स्वतः बसायचं. पण त्यांच्या स्वतःच्या दारात पंगत बसायची संधी एकच होती. ती म्हणजे मी. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला कळलं आणि मी लगेच हो म्हटलं. मी घरात एवढ्या पटकन हो कधी म्हणत नाही.

पत्रिका दोन्ही घरांची मिळून एकच छापायची, हे मी ठरवलं. मुलीकडची वेगळी, मुलाकडची वेगळी, हे मला मान्य नव्हतं. सासूबाईंना घेऊन मी सेक्टरातल्या पत्रिकेच्या दुकानात गेले. तेव्हा मी त्यांना मावशी म्हणायचे. दुकान चालवणाऱ्या बाईंनी नमुन्यांचा गठ्ठा समोर टाकला.

"गणपती सोनेरी हवा की मोरपंखी?"

"गणपती नको," मी म्हटलं.

"मग राधाकृष्ण दाखवू?"

"कुणीच नको. नुसती अक्षरं."

बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं, म्हणजे मोठ्या माणसाला विचारून खात्री करावी तसं. सासूबाई म्हणाल्या, "बुद्धांचा फोटो आमच्या घरात आहे, तो बघायला लोक घरी येतात. पत्रिका शेवटी रद्दीत जाते. अक्षरंच बरी."

मग नावं आली. नवऱ्याचे वडील तो लहान असतानाच गेले.

"बाबांच्या नावाआधी कै. टाकते," बाई म्हणाल्या.

"कालकथित," सासूबाई म्हणाल्या. बौद्ध घरांमध्ये गेलेल्या माणसाच्या नावाआधी तसं लिहितात.

"मावशी, आमच्याकडे कै. तयार आहे. सगळ्यांना चालतं."

"चालत असेल. पण आमचा माणूस कैलासाला गेला नाही. वाशीला हॉस्पिटलात गेला. मी उशाशी बसले होते."

बाईंनी मुकाट्यानं कालकथित टाईप केलं. त्या क्षणी मला सासू फार आवडली. मी आणखी जोरात आले. चि. सौ. कां. काढा, माझी कांक्षा काय ती माझ्यापाशी. निमंत्रकांत आधी माझ्या आईचं नाव, मग बाबांचं. नवऱ्याकडून एकट्या सासूबाईंचं, कुठल्या काकांचा आधार न देता. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' हे कुठल्याही लहान पोराच्या तोंडी घालायचं नाही. त्या पोराला कुणी विचारलेलं नसतं. हे वाक्य मी दुकानात मोठ्यानं म्हटलं, हे मला चांगलं आठवतं.

खरी मारामारी घरी झाली. आमच्या भागातल्या पत्रिकांचा खालचा अर्धा भाग पुढाऱ्यांचा असतो. प्रमुख उपस्थिती अमुक, विशेष उपस्थिती तमुक. आजी नगरसेवक, माजी नगरसेवक, भावी नगरसेवक. बाबांना निदान आमच्या नगरसेवकाचं तरी नाव हवं होतं.

"तो मांडव देतो, बाय. खुर्च्या देतो."

"बाबा, त्याच्याच विरुद्ध मागच्या महिन्यात पत्रक काढलंय मी."

"म्हनून तर नाव टाक. राग जाईल त्याचा."

"त्याचा राग जाऊन मला काय करायचंय? मला माझा राग ठेवायचाय."

बाबा हसले आणि हरले. माझ्याशी वाद घालताना ते नेहमी असेच हरतात, जिंकायची इच्छा नसल्यासारखे. सगळी उपस्थिती काढली. दुकानातून फोन आला, "ताई, खाली फार मोकळं दिसतंय. एखादी ओळ द्या." मी रिक्षात होते. मी म्हटलं, "लिहा. आपले नम्र, समस्त ग्रामस्थ." आणि फोन ठेवला.

माझ्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी हीच ओळ असते. बोटांना इतकी सवय की डोक्याला विचारावं लागत नाही. मोर्चाचं पत्रक, समस्त ग्रामस्थ. पाणी आलं नाही, समस्त ग्रामस्थ. छापायच्या आधी मजकुराचा फोटो मी नवऱ्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "छान. शेवटच्या ओळीला आधार काय?" मी लिहिलं, "गाव माझं आहे." त्यानं अंगठा पाठवला. वकिलाचा अंगठा. तो होकार नसतो, हे मला आता कळतं.

पत्रिका आल्या. पांढऱ्या जाड कागदावर निळी अक्षरं, सुंदर. आईनं पहिली गावदेवीपुढे ठेवली. दुसरी बाबा स्वतः थोरल्या काकांना देऊन आले. काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, वयानं मोठे, गावच्या मंडळाचे अध्यक्ष. लहानपणी दोघं मिठागरात एकत्र राबलेले. गावाची भांडी ज्या खोलीत असतात तिची किल्ली काकांच्या कमरेला असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या ओट्यावर. चहा घेतला नाही. पत्रिका काढून माझ्यापुढे धरली आणि शेवटच्या ओळीवर अंगठ्याचं नख ठेवलं.

"ह्यो कोन?"

"कोण म्हणजे? गाव."

"गावात मी येतो का?"

"येता की."

"मग मना विचारलास?"

आई दारात येऊन उभी राहिली.

"रातीपासून फोन येतात मना," काका म्हणाले. "मंडलानं मान्यता दिली का? मीटिंग कवा झाली? कोनाला विचारून दिली? काय सांगू? हिनं लिवली, गावानं वाचली, असा सांगू?"

आता मला राग चढला. "काका, सरळ जातीचं बोला ना. पोरगा आगरी असता तर ही ओळ कुणाला टोचली असती?"

"जातीचा पन हाय," काका म्हणाले. "खोटा कशाला बोलू? माज्या पन पोटात हाय थोरा. पन तेवराच नाय. तुज्या कागदांवर तू हेच लिवतेस, मी कवा बोललो? ती घरं वाचवायची गोष्ट होती, गप बसलो. ह्या तुजा लगीन हाय. तुज्या लग्नात माज्या वतीनं नम्र तू परस्पर कशी काय होतेस?"

मग बाबांकडे वळले. "भांडी पायजेत तवा ने. भांडी तुजी पन हाएत. ओल काढ." आणि गेले.

मला संताप आला होता, आणि संताप आला की मला उपाय सुचतात. पहिला उपाय, काही करायचं नाही. छापलंय, छापलंय. दुसरा, पत्रकात चूक झाली की आम्ही करतो तो, वरून चिकटपट्टी. नवऱ्यानं फोनवर सांगितलं, "नवीन छापू." मी म्हटलं, "म्हणजे माघार." तो म्हणाला, "दुरुस्ती." आम्ही भांडलो.

बाबांनी यातलं काहीच ऐकलं नाही. पत्रिकांचा गठ्ठा उचलून त्यांनी कपाटात ठेवला, कपाट लावलं, आणि शांतपणे म्हणाले, "नको मग हलद. हॉलवर करू सगला."

बाबा रागावले असते तर मी लढले असते. त्यांच्या या आवाजाशी कसं लढायचं ते मला माहीत नव्हतं. पंगत बसणार नाही हे त्यांनी मनात मान्य करून टाकलं होतं. आणि ज्या गावासाठी मी गल्लीबोळांतून घोषणा दिल्या, त्या गावाचा मला असा राग आला की सांगायची सोय नाही.

आई तेव्हा कोळंबी सोलत होती. सगळी सोलून झाल्यावर ती उठली, हात धुतले, कपाट उघडलं, गठ्ठा बाहेर काढला. हळदीकुंकवाचा करंडा घेतला.

"चल."

"कुठे?"

"घरोघरी. आवतन द्यायला." आमच्याकडे तोंडी आमंत्रणाला आवतन म्हणतात. पत्रिका असली तरी ते घरी जाऊन द्यावंच लागतं. "पेन घे."

"पेन कशाला?"

"विचारला नव्हतास ना? आता विचारू. ज्याला नको तो खोडल."

"आई, लोक सगळीकडे खोडून ठेवतील!"

"ठेवू देत. निदान हातात पेन तरी घेतील."

मी म्हटलं हा अपमान आहे. ती म्हणाली, "मी दारोदार मासली घेऊन फिरलेय. लोक आधी टोपलीत बघतात, मग नाय बोलतात. त्याला अपमान नाय बोलत. चल."

पहिल्याच घरी एका काकूंनी पत्रिका पूर्ण वाचली, पेन मागितलं आणि त्या ओळीवरून दोनदा रेघ मारली. दुसरी रेघ माझ्याकडे बघत. मग म्हणाल्या, "बसा, चहा टाकते." मला उठायचं होतं. आईनं माझा दंड धरून बसवलं. चहात आलं होतं, चहा उत्तम होता. त्या काकू हळदीला आल्या नाहीत. पण चहाबद्दल आणि तोंडावर रेघ मारल्याबद्दल मी त्यांचे आभार मानते. मागून बोलणाऱ्यांपेक्षा बऱ्या.

पुढच्या घरी दार उघडलंच नाही. आत टीव्ही चालू होता. आईनं पत्रिका कडीत खोचली. मी म्हटलं, "पेनही ठेव." ती म्हणाली, "पेन एकच हाय." त्याच्या पुढच्या घरी एका गृहस्थांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली, मान हलवली, बरं म्हणाले आणि पेन स्वतःच्या खिशाला लावलं. आईनं ते त्यांच्या खिशातून काढून घेतलं. "भाऊ, अजून अर्धा गाव बाकी हाय." आळीतला एक पोरगा मोबाईलमधून मान वर करून म्हणाला, "ताई, टेन्शन नको घेऊ, ठेव ओळ. गाणी मी लावणार ना पण?" तुला विचारलेलं नाही म्हणून तुझं नाव इथे लिहीत नाही, पण गाणी चांगली लावलीस रे.

आळीच्या टोकाला एक आजी राहते, एकटी. आयुष्य मिठागरात गेलं तिचं. तिनं पत्रिका उलटी धरली आणि माझ्याकडे दिली. "वाच." मी सगळी वाचली. शेवटाशी आईनं मला थांबवलं.

"आजे, हिनं इथं समस्त ग्रामस्थ असा लिवलाय. कोनाला न विचारता. ठेवायचा का खोडायचा?"

"त्याच्यान मी हाय का?"

"आहेस की," मी म्हटलं.

"कुठं? बोट ठेव."

मी ओळीवर बोट ठेवलं. तिनं वाकून पाहिलं, डोळे बारीक केले.

"एवरूशी ओल, आनि अख्खा गाव तिच्यान? दाटीनं बसला असल."

आई हसायला लागली. आजी हसली नाही. "माजा नाव येगला लिव. बाजूला. मना त्या दाटीन नको."

मी तिचं नाव ओळीच्या शेजारी लिहिलं. पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. तिनं ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मग पत्रिका देव्हाऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "आता कोनी विचारला तर सांगन, मी हाय तिथं."

ही गोष्ट आमच्या पुढे पळाली. कशी ते विचारू नका. गावठाणात भिंती एकमेकींना लागून आहेत. पुढच्या आळीत एक बाई दारातच म्हणाल्या, "आमचा पन येगला लिव." काहींनी स्वतः लिहिलं, ठसठशीत सही केली. काहींनी 'समस्त' खोडून फक्त 'आमचं घर' असं केलं. काहींनी नुसतीच रेघ मारली. एकानं मला पाऊण तास जात या विषयावर ऐकवलं आणि शेवटी काहीच न खोडता पत्रिका फ्रिजवर ठेवली. मी सह्यांच्या मोहिमा खूप केल्या आहेत. लोक कागदाकडे न बघता सही करतात, आपल्याला बरं वाटावं म्हणून. इथे प्रत्येकजण ओळ वाचत होता. असा वाचक मला आधी मिळाला नव्हता.

काकांचं घर आईनं मुद्दाम शेवटी ठेवलं.

काकांकडे पत्रिका होतीच. ते आतून ती घेऊन आले, चष्मा लावला, खुर्चीत बसले. आईनं पेन पुढे केलं. "भाऊजी, विचारायला आलोय."

काकांनी पट्टी मागवली. पट्टी लावून त्यांनी ती ओळ खोडली, सावकाश, वरच्या तारखेला किंवा कुणाच्या नावाला रेघ लागू नये अशी. पेन बंद करून परत दिलं.

"बरं," आई म्हणाली. त्यांच्या बायकोला हळदीकुंकू लावलं. "हलदीला या."

काकांनी चष्मा काढून ठेवला.

घरी बाबा ओट्यावर वाट बघत होते. "दादा काय बोलला?"

"खोडली," आई म्हणाली.

बाबांनी मान हलवली. त्यांना हॉल आठवला असणार. पण आई म्हणाली, "मांडव इथंच घाला. जे येतील ते जेवतील. नाय आले तर मी सोसायट्यांन वाटून येईन, तिथं माजे लोक कमी नाय." आणि बाबा उठून उंबराच्या फांद्या कुठून आणायच्या ते विचारायला गेले.

भांडी काकांनी दिली. किल्ली पाठवून दिली, स्वतः आले नाहीत.

हळदीच्या दिवशी दुपारीच बायका आल्या. आजी आली आणि सगळ्यांत पुढे बसली, ऐसपैस, मांडी घालून. सासूबाई आपल्या माणसांना घेऊन रस्ता ओलांडून आल्या. त्यांच्याकडे हळदीचा एवढा थाट नसतो; त्या मांडवाखाली उभ्या राहून वर फांद्यांकडे बघत होत्या. माझ्या आईनं त्यांना ओढून बायकांमध्ये नेलं आणि गाण्याच्या मध्येच त्यांचं नाव घालून गायली. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "हळद गेली डोळ्यात."

लोक येत होते. रेघ मारलेल्या घरांतले काही आले, काही नाही. मी मोजत नव्हते. बाबा मोजत असावेत. जेवण तयार झालं, पानं मांडली, पण बाबा पहिली पंगत बसवेनात. मांडवाच्या तोंडाशी उभे राहून आळीकडे बघत होते. आचारी दोनदा सांगून गेला. आई म्हणाली, "बसवा आता." बाबा म्हणाले, "थांब थोरा."

काका आळीतून चालत आले ते नेहमीच्याच चालीनं, पांढरे कपडे, कमरेला किल्ल्या. मांडवाशी थांबले. सगळं शांत झालं असं मी लिहिणार होते, पण गाणी चालूच होती. त्या पोरानं आवाज कमी केला नाही.

बाबा म्हणाले, "दादा, मना वाटला..."

"काय वाटला? ओल खोडली मी. यायचा नाय असा कोन बोलला?" आणि मग माझ्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मी माज्या नावान आयलोय. समस्ताच्या नावान नाय."

मी त्यांच्या पाया पडले. मी कुणाच्या पाया पडत नाही, तत्त्व म्हणून. त्या दिवशी तत्त्व बाजूला ठेवलं आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. काकांच्या पोटातलं ते थोडं गेलं का, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. पण ते जिथे बसले ते मी पाहिलं. पहिल्या पंगतीत, सासूबाईंच्या भावाच्या शेजारी. मामांनी सरकून जागा दिली. काका म्हणाले, "असू दे, मावतो." आणि मांडीला मांडी लावून बसले.

माझ्या पत्रकांवर समस्त ग्रामस्थ ही ओळ आता नसते. आजी विचारते, "कुठला कागद काढलास? मी हाय का त्याच्यान?" मग मी तिला वाचून दाखवते आणि तिचं नाव टाकते. वेळ फार जातो. नवरा म्हणतो, आता तुझ्या पत्रकांना आधार आहे. मी त्याला म्हणते, गप बस.

त्या गावाचे मला आभार मानायचे आहेत. ज्यांनी नाव लिहिलं त्यांचे, ज्यांनी रेघ मारली त्यांचे, रेघ मारूनही जे आले त्यांचे जरा जास्त. आईचे मानायची सोय नाही. ती म्हणेल, पेन कुठं ठेवलास.

बाबा त्या संध्याकाळी बसले नाहीत. आपल्याच दारात, आपल्याच हळदीत, पुन्हा भाताचं घमेलं घेऊन वाढत फिरले. काकांच्या पानाशी आले तेव्हा काकांनी पहिला घास तोंडात घातला होता.

"मीठ कमी हाय," काका म्हणाले.

जन्मभर वादात हरत आलेले माझे बाबा घमेलं हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मीठ बरोबर हाय, दादा. अजून भात घे."